अभयारण्यातील चर-देखभालीची कंत्राटे (सातारा-सांगली)

अभयारण्याच्या हद्दीतले चर, रस्त्याकडेची गटारे आणि मोऱ्या यांत साठलेला गाळ-पाचोळा काढून त्या पूर्ववत करण्याचे सरकारी काम. ते निविदा काढून कंत्राटदाराला दिले जाते किंवा वनविभाग रोजंदारी मजूर लावून स्वतः करून घेतो. काम किरकोळ वाटते, पण अभयारण्यात पाण्याला हात लावणे हा कायद्याचा विषय आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यात येणारा वा तेथून बाहेर जाणारा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्यावाचून वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही. जुना चर मूळ मापापर्यंत साफ करणे ही देखभाल. त्याच चराचे तोंड दुसऱ्या ओढ्याकडे फिरवले, तर ती देखभाल राहत नाही. अंदाजपत्रकातच हा फरक स्पष्ट लिहिलेला हवा.

या दोन जिल्ह्यांत एकाच कामाचे दोन अर्थ होतात. पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (दोन्ही आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात) धुवाधार पावसाच्या पट्ट्यात आहेत. तिथे मोरी तुंबली की पाणी रस्त्यावर चढते आणि खालची दरड कापत जाते, म्हणून पाणी लवकर बाहेर काढावे लागते. पूर्वेला देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य जेमतेम १०.८७ चौ. किमी. कमी पावसाच्या उघड्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून ते उभे केले. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. अशा मुरमाड उतारावर समतल चराने (उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला चर) पाणी धरून ठेवायचे असते. कोयनेची कामाची यादी उचलून इथे लावली तर नुकसानच होईल.

खरी अडचण मोजमापाची आहे. ०.६० मी. रुंद व ०.३० मी. खोल अशा १०० मी. चरात १८ घनमीटर माती मावते. चर निम्मा भरला असेल तर काढायचा गाळ ९ घनमीटर. खोदाई झाल्यावर मात्र चर रिकामाच दिसतो, आणि आधी किती भरला होता हे जागेवर कळत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी ठरावीक अंतरावर गाळाची पातळी मोजून मोजमाप पुस्तकात चढवावी लागते. ती नोंद नसेल तर देयकाला आधार उरत नाही.

त्यातही दर घनमीटरवर असेल तर जास्त खोदणाऱ्याला जास्त पैसे मिळतात, आणि समतल चराला जास्त खोदाईच मारते. तळ एका टोकाला चार बोटे खाली गेला तरी सगळे पाणी तिकडे धावते, बांध फुटतो आणि उतारावर घळ पडते. दर सुस्थितीत आणलेल्या चराच्या लांबीवर असावा आणि तळाची पातळी ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराची, पातळी पाहण्याची साधी चौकट) तपासावी, हे अधिक योग्य. अरुंद चरात जेसीबीही नको. चाकांखाली बांध दबतो आणि वर उगवलेली झाडेही जातात. टिकाव, फावडे, घमेले पुरतात. निघालेला गाळ खालच्या बांधावर घालून मारवेल किंवा पवन्या या गवतांचे बी टाकले की माती धरते. चराच्या काठचे गवत मात्र सोलून काढू नये.

काम वळवाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरकायचे. पण जनावरे पाणवठ्यावर सर्वाधिक येतात तीही याच दिवसांत. त्यामुळे पाणवठ्याजवळ सकाळ-संध्याकाळ काम बंद ठेवण्याची अट घालावी लागते. मजुरांचा मुक्काम हद्दीबाहेर हवा आणि चुलीचा विस्तव आत नको. कलम ३० मध्ये अभयारण्यात आग लावण्यास वा पेटती सोडण्यास मनाई आहे.

सुरक्षा ठेव पहिला पावसाळा उलटल्यावरच परत करण्याची अट सर्वांत उपयोगाची. चांगला पाऊस होऊन चरात पाणी उभे असताना कडेने चालत जावे. पाणी एकाच टोकाला साचलेले दिसले, की तळ उतरता खोदला हे तिथल्या तिथे कळते.