मोटरसायकलवर रेडिओ बसवायचाय? आधी एवढं वाचा

"सॅटेलाइट रेडिओ बसवून द्या" म्हणत अधूनमधून कोणी ना कोणी येतंच. व्हिडिओत अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांवर दिसतो तो सिरियस एक्सएम. त्याचं प्रसारण उत्तर अमेरिकेपुरतंच. आपल्याकडे वर्ल्डस्पेस होता, तोही २००९ च्या अखेरीस बंद पडला. म्हणून भाच्यानं तिकडून पाठवलेला सेट परतवाड्यात नुसता डबा आहे. तो आम्ही बसवत नाही, मजुरी बुडाली तरी चालेल.

आम्ही बसवतो एफएम-ब्लूटूथचा सेट. चिखलदऱ्याचा घाट लागला की डोंगराआड एफएम खरखरतं, तेव्हा सेट परत आणू नका. मोबाइलात आधीच उतरवून ठेवलेली गाणी लावा.

आता वायरिंग. हेडलाइटची वायर सोलून तिलाच पीळ मारून वर टेप गुंडाळायची, हे काम दहा मिनिटांत होतं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की टेपचा डिंक वितळतो, वायर उघडी पडते आणि रात्री रस्त्यात लाइट जातो. आमच्याकडे पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून निघते. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज असतो, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरला कुणी वाली नसतो. पुढे रिले, म्हणजे चावीवर चालणारा स्विच. चावी काढली की सेट बंद, म्हणजे सकाळी किका मारत बसावं लागत नाही. अर्थिंगही बॅटरीच्या निगेटिव्हलाच. रंग दिलेल्या बोल्टवर घेतलं, तर रेस वाढवली की स्पीकर कुंईं करतो. मग गिऱ्हाईक सेटला शिव्या देतं.

क्लॅम्पखाली रबर लागतंच. बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या गाडीवर नुसते नट आठ दिवसांत ढिले होतात. वायर बांधण्याआधी हॅण्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहतो. ताण आला तर ती वायर पुन्हा ओढतो. त्याला वेळ लागतो, घाई करू नका.

काम झालं की गाडी चालू करून मीटर तुमच्यासमोर लावतो. रेस दिल्यावर बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. तेराच्याही खाली दिसले तर आधी चार्जिंग पाहू, रेडिओ मागाहून.

गाडी गोठ्यात ठेवत असाल तर सांगा, वायरवर जाड नळी चढवतो. उंदरांना नवी वायर फार आवडते. धुताना प्रेशरचं पाणी सेटवर मारू नका.

काम अर्ध्या दिवसाचं. बाजाराच्या दिवशी गाडी आणू नका भाऊ, त्या दिवशी हात मोकळा नसतो.