आरशाचा रंग : काच, 'पारा' आणि 'अनियमित' शब्दाचा घोळ

आरशाचा रंग हिरवा असतो, असं सांगणारे मजकूर अधूनमधून फिरत असतात. त्यामागचं मोजमाप खरं आहे. २००४ साली दोन संशोधकांनी घरगुती वापराच्या साध्या आरशांवरून परतणारा प्रकाश तरंगलांबीनुसार मोजला. सर्वांत जास्त परतत होता तो ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश. पण तेवढ्यावरून आरशाला हिरवा ठरवणं घाईचं आहे. त्यात काच कुठे संपते आणि आरसा कुठे सुरू होतो, याचीच गल्लत होते.

फार पूर्वी ही गल्लत व्हायचं कारण नव्हतं. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी अनातोलियात ज्वालामुखी काच घासून आरसे करत, पुढे तांब्याचे आणि काशाचे आरसे आले. चकाकी यायची ती थेट वरच्या पृष्ठभागावरून. केरळात आरन्मुळ्याला तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा असा आरसा आजही बनतो. त्यावर बोट टेकवलं की बोट आणि प्रतिबिंब एकमेकांना भिडतात. घरच्या आरशावर तेच करून पाहा, मध्ये फट राहते. प्रकाश काचेतून आत जाऊन मागच्या धातूवरून परततो, म्हणून ही फट.

ही मागची बाजू व्हेनिसच्या कारागिरांनी सोळाव्या शतकात नावारूपाला आणली. कथलाचा वर्ख पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजनं ठेवून जादा पारा निथळू द्यायचा. या कामात पाऱ्याच्या विषाने माणसांचे हात थरथरू लागत, दात पडत. आरशाच्या इतिहासात राजवाड्यातल्या आरसेमहालांची वर्णनं पानंच्या पानं येतात. त्या कामगारांच्या वाट्याला एखादी ओळ येते, याचं वाईट वाटतं.

१८३५ साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळलं, की चांदीच्या क्षाराच्या द्रावणात योग्य रसायन घातलं तर चांदी काचेवर आपोआप चढते. पुढच्या वीसेक वर्षांत त्यातून उपयोगी पद्धत तयार झाली आणि विसावं शतक उजाडेपर्यंत पाऱ्याचा आरसा जवळजवळ बाद झाला. मराठीत मात्र तो गेलाच नाही. कोकणातल्या दमट, खारट हवेत आरशाच्या कडेला काळे डाग चढले की आजही 'पारा उडाला' म्हणतात. त्यात पारा नसतो. चांदीचा थर, त्यावर बहुधा तांब्याचा आणि शेवटी रंगाचा हात असतो. ओल कडेने शिरते आणि चांदी खराब होते. १९३०च्या दशकात निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवण्याची पद्धत दुर्बिणींच्या आरशांसाठी रुळली. आज बरेच स्वस्त आरसेही ॲल्युमिनियमचेच असतात.

आता मूळ गुंता. शाळेच्या पुस्तकात परावर्तनाचे दोन प्रकार असतात: नियमित आणि अनियमित. आरशावरचं नियमित, कागदावरचं किंवा भिंतीवरचं अनियमित. दुसऱ्या शब्दाने मुलांचं बरंच नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 'अनियमित' ऐकलं की वाटतं, इथे परावर्तनाचे नियम चालत नाहीत. प्रत्यक्षात खडबडीत पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूपाशी आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखेच असतात. फरक एवढाच, की दर बिंदूला स्तंभिकेची, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेची, दिशा बदलते, म्हणून समांतर आलेले किरण चहूकडे पांगतात. साधं 'विखुरलेलं परावर्तन' म्हटलं असतं तर हा गैरसमज झालाच नसता.

पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्या. तिच्या चकचकीत बाजूत चेहरा पुसट का होईना, दिसतो. ती चुरगळून परत उलगडली की चेहरा जातो. धातू तोच, परतणारा प्रकाशही जवळपास तेवढाच. हरवली ती दिशांची शिस्त. चांगला आरसा आणि पांढरा कागद यांच्यातही याच अंगाने फरक आहे. दोघेही सगळे रंग जवळपास सारख्या प्रमाणात परत पाठवतात. आरसा दिशा राखतो, कागद राखत नाही. म्हणून 'चंदेरी' हा वेगळा रंग नव्हे; तो चकाकणारा पांढरा किंवा करडा. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन येणाऱ्या प्रकाशाच्या तालावर हलतात आणि तोच प्रकाश परत पाठवतात. चांदी आणि ॲल्युमिनियम यांच्याबाबतीत हे दृश्य प्रकाशाच्या जवळजवळ सगळ्या पट्ट्यात घडतं.

मग हिरवं कुठून आलं? मुख्यतः काचेतून. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, तो लाल प्रकाश थोडा जास्त शोषतो. काचेच्या दुकानात कापलेल्या जाड काचेची कड पाहा, हिरवीगार दिसते. एकदा परावर्तन झालं तर डोळ्याला काही कळत नाही. पण सलूनमध्ये पुढे-मागे आरसे असतात, तिथे प्रतिबिंबांची रांग आत जाताना काळपट आणि हिरवट होत जाते. समजा दर फेरीला हिरवा ९० टक्के आणि लाल ८५ टक्के परततो. वीस फेऱ्यांनंतर हिरवा सुमारे १२ टक्के उरेल, लाल ४ टक्क्यांच्याही खाली.

दुर्बिणीच्या आरशात धातूचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, म्हणून तिथे काचेचा हा हिरवेपणा येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा तर काचेचा नाहीच, बेरिलियमचा आहे. त्याच्या १८ तुकड्यांवर सोन्याचा अतिशय पातळ थर आहे, कारण सोनं अवरक्त प्रकाश उत्तम परतवतं. निळा मात्र ते शोषून घेतं, त्यामुळे तो आरसा सरळ सरळ पिवळा दिसतो.