आकाशाची ॲफ्रोडाइटी आणि समस्त लोकांची ॲफ्रोडाइटी

ग्रीक प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीबद्दल वाचायला घेतलं की दोन बिरुदं भेटतातच: ऊरानिया आणि पांडेमोस. बहुतेक ठिकाणी दोघींची बोळवण एका ओळीत केलेली असते. ऊरानिया म्हणजे उदात्त, आत्मिक प्रेम आणि पांडेमोस म्हणजे नुसती देहाची वखवख. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण ग्रीकांच्या देवळांत डोकावलं की ही वाटणी टिकत नाही.

आधी शब्दच पाहू. ऊरानोस म्हणजे आकाश. युरेनस ग्रहाला नाव मिळालं ते त्याचंच. 'पान' म्हणजे सगळे आणि 'देमोस' म्हणजे लोक. करोनाच्या दिवसांत घराघरांत पोचलेला 'पॅन्डेमिक' हा शब्द याच 'पांडेमोस'चा वंशज. म्हणजे एक आकाशाची, दुसरी समस्त लोकांची. आता यात हलकं ते काय?

हलकेपणा आला कुठून हे समजायला तिच्या जन्माच्या दोन कथा हव्यात. कवी हेसिअडच्या 'थिओगोनी' या काव्यात क्रोनस आपल्या बापाचं, म्हणजे आकाशदेव ऊरानोसचं, लिंग विळ्याने छाटून समुद्रात भिरकावतो. त्याभोवती फेस जमतो आणि त्या फेसात एक मुलगी वाढते. ती आधी किथेरा बेटाजवळून जाते आणि मग सायप्रसच्या किनाऱ्याला लागते. फेसाला ग्रीकमध्ये 'आफ्रोस' म्हणतात. हेसिअड नावाची फोड तशीच करतो. या कथेत तिला आई नाहीच. होमरकडे मात्र चारचौघींसारखे आईबाप आहेत. 'इलियड'च्या पाचव्या सर्गात ग्रीक योद्धा डायोमिडीज तिच्या हाताला भाल्याने जखम करतो, तेव्हा ती ऑलिंपसवर पळत जाऊन आई डायोनीच्या मांडीवर कोसळते. बाप झ्यूस हसत तिची समजूत काढतो: लढाई तुझं काम नव्हे पोरी, तू आपली लग्नाबिग्नाची कामं बघ.

दोन कवी, दोन कथा. पण हेसिअड तिला ऊरानिया म्हणत नाही, की होमर पांडेमोस म्हणत नाही. जन्मकथा आणि बिरुदं यांची गाठ मारलेली दिसते ती तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादात. इ.स.पू. 416 मधल्या एका मेजवानीत पाउसेनियस नावाचा पाहुणा म्हणतो की ॲफ्रोडाइटी दोन आहेत, म्हणून प्रेमही दोन प्रकारचं. बिनआईची, वयाने मोठी ती ऊरानिया. झ्यूस आणि डायोनीची मुलगी ती पांडेमोस. मग त्याचा खरा मुद्दा येतो. ऊरानियाच्या जन्मात स्त्रीचा वाटा नाही, म्हणून तिचं प्रेम पुरुषांकडे, बुद्धीकडे वळतं. बायकांवर, देहावर जडणारं प्रेम पांडेमोसचं. हा माणूस यजमान ॲगाथॉनचा प्रियकर होता, हे ध्यानात घेतलं की हे देवशास्त्र कमी आणि वकिली जास्त वाटते. ती वकिली टिकली मात्र खूप. 19व्या शतकात कार्ल हाइन्रिख उलरिक्सने पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठी 'उर्निंग' हा जर्मन शब्द घडवला, तो याच ऊरानियावरून.

आता देवळांकडे. इथे दुसरा पाउसेनियस लागतो: इ.स.च्या दुसऱ्या शतकातला प्रवासवर्णनकार. (दोघांची गल्लत करू नका, मी एकदा केली आहे.) तो सांगतो की अथेन्सचा पौराणिक राजा थिसियस याने ॲटिकातली, म्हणजे अथेन्सच्या आसपासच्या मुलखातली, विखुरलेली गावं एका नगरात आणली, तेव्हा पांडेमोसची आणि सोबत पायथोची, म्हणजे मन वळवण्याच्या देवीची, पूजा सुरू केली. समस्त लोकांना एकत्र बांधणारी ती पांडेमोस. अथेन्समध्ये तिचं स्थान थेट ॲक्रोपोलिसच्या उतारावर होतं. इ.स.पू. 283च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला आहे. तिच्या मिरवणुकीच्या वेळी नगराच्या अधिकाऱ्यांनी मंदिर शुद्ध करायला कबुतर द्यायचं, वेद्यांना लेप द्यायचा, मूर्तींना स्नान घालायचं, जांभळा रंग आणायचा, असा हुकूम त्यात आहे. चोरून पुजायच्या देवीचा हा थाट नव्हे.

पांडेमोसचं मंदिर अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने कुंटणखान्यांच्या पैशातून उभारलं, अशीही गोष्ट प्राचीन काळीच सांगितली जात होती. थिसियसची कथा आणि ही कथा एकाच बिरुदाचे दोन अर्थ लावतात: सगळ्यांना जोडणारी, किंवा सगळ्यांना मिळणारी.

ऊरानियाकडे वळलं तर गंमत आणखी वाढते. तिची मुळं पूर्वेकडे जातात. इतिहासकार हेरोडोटसच्या मते तिचं सर्वांत जुनं मंदिर तेव्हाच्या सीरियातल्या अस्कालोनचं. सायप्रस आणि किथेराची मंदिरं त्यातूनच निघाली. किथेरातली तिची लाकडी मूर्ती चक्क शस्त्रधारी होती. अथेन्समध्ये तिची पूजा एजियस राजाने सुरू केली म्हणतात, का तर त्याला मूल होत नव्हतं. त्यात आत्मिक काही नाही, नवस आहे. आणि कॉरिंथ? तिथल्या झेनोफोनने इ.स.पू. 464 मध्ये ऑलिंपिक जिंकल्यावर देवीला गणिका अर्पण केल्या. त्या प्रसंगासाठी कविता रचली पिंडारने, आणि त्यात या बायकांचं मन जिच्याकडे झेपावतं असं तो म्हणतो, ती 'प्रेमांची आई' ऊरानिया!

प्लेटोच्याच पिढीतला दुसरा एक झेनोफोन, अथेन्सचा लेखक, आपल्या 'सिम्पोझियम'मध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी सावध बोलणं घालतो. ॲफ्रोडाइटी एक की दोन, मला ठाऊक नाही. झ्यूस एकच असूनही त्याची बिरुदं पुष्कळ आहेत. पण वेद्या, देवळं आणि यज्ञ मात्र दोघींचे वेगळे, हे तो मान्य करतो.

एलिस गावात दोघी जवळजवळ होत्या. ऊरानियाची मूर्ती फिडियसने हस्तिदंत आणि सोन्यात घडवलेली, तिचा एक पाय कासवावर. शेजारच्या आवारात स्कोपासची ब्राँझची पांडेमोस, बोकडावर बसलेली. कासव म्हणजे बायकांनी घरात राहावं आणि गप्प बसावं, असा अर्थ प्लुटार्कने काढला. प्रवासी पाउसेनियसने कासव आणि बोकड दोन्ही नीट पाहिले आणि लिहिलं की त्यांच्या अर्थाचे तर्क ज्याला हवे त्याने खुशाल करावेत.