पार्श्वभूमी : मंदिराच्या पाटीवरचे ‘हेमाडपंती’

सुट्टीत मुलाबाळांना घेऊन अंबरनाथ, सिन्नरचे गोंदेश्वर, खिद्रापूर किंवा औंढ्याला गेले की एक शब्द हमखास भेटतो : हेमाडपंती. पाटीवर तोच, पुजाऱ्याच्या तोंडी तोच, आणि घरातली मोठी माणसेही नातवंडांना तोच सांगतात. चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून बांधलेले जुने देऊळ, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे.

ज्याच्या नावावरून तो आला तो हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याची कारकीर्द १२६० नंतरची. अंबरनाथच्या शिलालेखात मात्र शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, कोरलेले आहे. ते देऊळ कोकणच्या शिलाहार राजांचे, मंत्र्याच्या दोनशे वर्षे आधीचे. खिद्रापूरच्या कोपेश्वराला यादव राजाने दान दिल्याचा लेख शके ११३६ चा, म्हणजे सुमारे इ. स. १२१४ चा, तोही या मंत्र्याच्या किमान पंचेचाळीस वर्षे आधीचा. त्याने काही देवळे बांधवली असतील, पण बांधणीची ही रीत त्याची नव्हे.

लोकांनी नाव दिले यात गैर काही नाही. खानदेशात अशीच देवळे गवळी राजाची म्हणतात, कानडी मुलखात जकणाचारी या दंतकथेतल्या शिल्पकाराची, आणि कुठे कुठे पांडवांनी एका रात्रीत उभारलेली. घोटाळा झाला तो एकोणिसाव्या शतकात. सर्वेक्षण करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांचा शब्द उचलला आणि देऊळ, बारव, मठ, जे जे बिनचुन्याचे दिसले त्यावर चिकटवला. गॅझेटियरांतून, म्हणजे जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथांतून, तो शाळेच्या पुस्तकांत गेला आणि शैलीचे नाव होऊन बसला. पुढच्या अभ्यासकांनी तो नाकारला, तरी पाट्या बदलल्या नाहीत. माझ्या मते हे नुकसान मोठे आहे, कारण शिलाहारांचे श्रेय त्यात बुडाले आणि हेमाडपंताच्या आधीची दोन शतकेही.

अभ्यासक अंबरनाथ आणि गोंदेश्वराच्या शिखराला ‘भूमिज’ म्हणतात. चार बाजूंना खालपासून वर चढत गेलेल्या चार उभ्या लता, म्हणजे कोरीव पट्टे, आणि त्यांच्यामध्ये ओळीने रचलेली छोटी छोटी शिखरे. या घडणीचे नाते माळव्याशी आहे. सिन्नरला चौथऱ्यावर उभे राहून मुलांना त्या ओळी मोजायला सांगाव्यात; दहा वर्षांच्या मुलालाही हे लगेच कळते.

संरक्षणाचे कायदे १९०४ आणि १९५८ चे. १९९२ च्या अधिसूचनेने केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागू लागली; २०१० च्या दुरुस्तीने हे कायद्यातच आले. त्याआधी बऱ्याच देवळांभोवती वस्ती दाटली होती.

औंढ्याला नागनाथाच्या देवळासमोर थोडे मागे सरकून पाहावे. खालचा कोरीव दगड यादवकाळातला, वरचे पांढरे शिखर नंतरच्या डागडुजीतले, विटा-चुन्याचे. ‘हेमाडपंती’ मात्र सगळ्या देवळालाच म्हणतात.