पॅलेस्टाईन: मान्यता वेगळी, सदस्यत्व वेगळं

२१ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल या चार देशांनी पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सनेही दिली. त्याच आठवड्यात आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने मला तिची वही तपासायला दिली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, एकेक शब्द तोलून लिहिणारी मुलगी. चालू घडामोडींच्या पानावर तिने हिरव्या शाईने लिहिलं होतं: ‘पॅलेस्टाईन – संयुक्त राष्ट्रांचा १९४ वा सदस्य.’

मी ते खोडायला सांगितलं. ती म्हणाली, "पण मॅडम, दीडशेच्या वर देशांनी मान्यता दिलीये ना? मग अजून काय राहिलं?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो तिचा एकटीचा नाही. बातम्यांत ‘मान्यता’ आणि ‘सदस्यत्व’ हे दोन शब्द इतके लगटून येतात की वाचणाऱ्याला ते एकच वाटू लागतात. पण पॅलेस्टिनी लोकांच्या पाठीशी जग किती उभं आहे आणि उभं राहूनही कुठे अडतं, हे समजून घ्यायचं असेल तर याच दोन शब्दांमधली फट नीट पाहावी लागते.

मान्यता म्हणजे एका सरकारने दुसऱ्या राष्ट्राला दिलेली कबुली: तुम्ही एक राष्ट्र आहात आणि आम्ही तुमच्याशी राष्ट्र म्हणून व्यवहार करू. ती देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, जागतिक मतदान होत नाही. एखादं निवेदन किंवा पत्र पुरतं. लोकसंख्या, भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता हे चार निकष १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात आहेत आणि अभ्यासक त्यांवर वाद घालतात. प्रत्यक्षात मात्र मान्यता हा ज्या त्या सरकारचा राजकीय निर्णय असतो.

म्हणून ती झटपटही मिळू शकते. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जीयर्समध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफात यांनी पॅलेस्टाईनच्या स्वातंत्र्याची घोषणा केली. तिचा मसुदा कवी महमूद दरवीश यांनी लिहिला होता. घोषणा परक्या देशाच्या राजधानीत झाली, कारण स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीनही तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हती. तरी तीन दिवसांत, १८ नोव्हेंबरला, भारताने मान्यता दिली. त्याआधी १९७४ मध्येच पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला त्या जनतेची एकमेव अधिकृत प्रतिनिधी मानणारा भारत हा पहिला बिगर-अरब देश ठरला होता. आज संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी १५७ देश पॅलेस्टाईनला मान्यता देतात.

सदस्यत्वाचा रस्ता अगदी वेगळा आहे आणि तो एका अरुंद दारातून जातो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं चौथं कलम सांगतं की नवा सदस्य आमसभा घेते, पण सुरक्षा परिषदेने शिफारस केली तरच. सुरक्षा परिषदेत १५ पैकी किमान ९ मतं हवीत आणि अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाच कायम सदस्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरता कामा नये. तिथून पुढे गेलं तर आमसभेत दोन तृतीयांश बहुमत लागतं. पॅलेस्टाईनला आमसभेची भीती कधीच नव्हती. अडतं ते पहिल्या दारातच. १८ एप्रिल २०२४ रोजी सुरक्षा परिषदेत मतदान झालं. बारा देश बाजूने, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड तटस्थ आणि विरोधात एकटी अमेरिका. ते एक हात वर होणं बाराजणांना भारी पडलं.

गावाकडून आलेल्या मुलांना हे समजावताना मी पूर्वी सातबाऱ्याचं उदाहरण द्यायचे. सारं गाव म्हणतं जमीन यांचीच, पण उताऱ्यावर नाव चढलेलं नाही. आता ते उदाहरण देत नाही. त्यातून असं वाटतं की संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नाव लागलं की राष्ट्र असणं सिद्ध झालं आणि तोवर ते कच्चंच. तसं नसतं. स्वित्झर्लंड १० सप्टेंबर २००२ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचा सदस्यच नव्हता. तो देश आहे की नाही, अशी शंका कोणाला आली नाही.

त्यापेक्षा आपल्या शेजारचंच उदाहरण घ्यावं. बांगलादेशाला भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी मान्यता दिली, युद्ध संपण्याच्याही आधी. पुढच्या काही महिन्यांत मान्यतांची रांग लागली. पण ऑगस्ट १९७२ मध्ये सदस्यत्वाचा प्रश्न सुरक्षा परिषदेत आला तेव्हा चीनने नकाराधिकार वापरला. अख्खा देश उभा होता, निर्वासित घरी परतले होते, सरकार चालत होतं आणि तरी दार बंद. ते उघडलं १७ सप्टेंबर १९७४ रोजी. आणखी एक बारकावा इथे आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. चीनने बांगलादेशाला मान्यता दिली ती १९७५ मध्ये, म्हणजे सदस्यत्वानंतर. ज्याने अडवलं त्याने मान्यता न देताच वाट सोडली. मान्यता आणि सदस्यत्व एकमेकांवाचून किती चालू शकतात, ते यात दिसतं.

इस्रायलची गोष्ट याच्या उलट बाजूची. ११ मे १९४९ पासून तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे, पण पाकिस्तानसह बऱ्याच देशांनी त्याला आजही मान्यता दिलेली नाही. सदस्य झालं म्हणजे सगळ्यांची मान्यता मिळाली, असंही नाही. त्या प्रवेशाच्या ठरावाला १९४९ मध्ये भारताने विरोध केला होता आणि सोळा महिन्यांत, १७ सप्टेंबर १९५० रोजी, त्याच भारताने इस्रायलला मान्यता दिली. तरीही पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ उजाडला. मधल्या चार दशकांत इस्रायलचं भारतातलं कार्यालय म्हणजे मुंबईतली वाणिज्य वकिलात. अलिबाग-पेण भागातले मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू त्याच काळात मोठ्या संख्येने तिकडे स्थलांतरित झाले. मान्यता, सदस्यत्व आणि राजदूतांची देवाणघेवाण अशा या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत आणि त्या एका ओळीत चढाव्या लागतात असंही नाही.

मग पॅलेस्टाईन संयुक्त राष्ट्रांत आहे तरी कोण? याचं उत्तर मधल्या जागेत आहे आणि परीक्षेत बहुतेकांची चूक इथेच होते.

२९ नोव्हेंबर २०१२ रोजी आमसभेने १३८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टाईनला ‘सदस्य नसलेलं निरीक्षक राष्ट्र’ असा दर्जा दिला. ४१ देश तटस्थ राहिले. भारत बाजूने होता. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १९४७ मध्ये याच दिवशी आमसभेने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला होता (त्यालाही भारताचा विरोध होता) आणि १९७७ च्या ठरावानुसार हाच दिवस जगभर पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीचा दिवस म्हणून पाळला जातो. निरीक्षकाच्या दर्जासाठी सुरक्षा परिषद लागत नाही, म्हणून तिथे नकाराधिकार चालला नाही.

‘निरीक्षक’ हा शब्द ऐकून कोणाला वाटेल, नुसतं बघत बसायचं. पण त्या ठरावातल्या ‘राष्ट्र’ या एका शब्दाने फार मोठं काम केलं. जानेवारी २००९ मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरणाने, म्हणजे तिथल्या मर्यादित स्वशासनाने, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला विनंती केली होती की आमच्या भूमीवरच्या गुन्ह्यांचा तपास करा. तीन वर्षांनी, एप्रिल २०१२ मध्ये, अभियोक्त्यांकडून उत्तर आलं: तुम्ही राष्ट्र आहात की नाही हे ठरवणं आमचं काम नाही. नोव्हेंबरमध्ये आमसभेने ते ठरवलं. १ एप्रिल २०१५ ला पॅलेस्टाईन त्या न्यायालयाचा सदस्य झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्ध आणि हमासच्या लष्करी प्रमुखाविरुद्ध जी अटक वॉरंटं निघाली, त्यांची कायदेशीर वाट याच सदस्यत्वातून जाते. ज्यांना हे सगळं ‘कागदी’ वाटतं त्यांनी ही साखळी एकदा तारखांसह मांडून बघावी.

एप्रिल २०२४ च्या नकाराधिकारानंतर आमसभा गप्प बसली नाही. १० मे २०२४ रोजी १४३ विरुद्ध ९ मतांनी तिने पॅलेस्टाईनला आणखी काही हक्क दिले: ठराव मांडण्याचा, दुरुस्त्या सुचवण्याचा आणि सदस्यांच्या रांगेत, इंग्रजी वर्णक्रमानुसार बसण्याचा. त्या सप्टेंबरमध्ये ‘स्टेट ऑफ पॅलेस्टाईन’ अशी पाटी असलेलं टेबल आमसभेच्या दालनात आलं. एका बाजूला श्रीलंका, दुसऱ्या बाजूला सुदान. पॅलेस्टाईनचे राजदूत रियाद मन्सूर तिथे बसले. ते छायाचित्र मी वर्गात दाखवलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं होतं, पण पुढची ओळ सांगणं भाग होतं: तिथे बसता येतं, बोलता येतं, मत देता येत नाही. पंगतीत पान मांडलंय, पण वाढलेलं नाही.

मग मान्यतेने होतं तरी काय?

लंडनचं उदाहरण बघू. २२ सप्टेंबर २०२५ रोजी पश्चिम लंडनमधल्या पॅलेस्टिनी मिशनबाहेर झेंडा चढवला गेला. राजदूत हुसाम झोमलोट यांनी जमलेल्या लोकांना नवी पाटी दाखवली: ‘पॅलेस्टाईन राष्ट्राचा दूतावास’. एक पाटी, एक झेंडा. पण हा ब्रिटन आहे. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घर उभारायला पाठिंबा देणारा १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा याच देशाने काढला, १९४८ पर्यंत त्या भूमीवर याच देशाची सत्ता होती. आणि ही मान्यता एका रात्रीत आलेली नाही. ऑक्टोबर २०१४ मध्येच ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने २७४ विरुद्ध १२ मतांनी मान्यतेची मागणी केली होती. सरकारवर ते बंधनकारक नव्हतं, सरकारने ते बाजूला ठेवलं. पुढची अकरा वर्षं आणि विशेषतः गाझावरच्या युद्धाची दोन वर्षं, लोक लंडनच्या रस्त्यांवर पुन्हा पुन्हा येत राहिले.

सामान्य माणसाच्या दृष्टीने मला मोठा फरक इथे दिसतो. मान्यता आपल्याच सरकारच्या हातात असते, म्हणून ती आपल्या सरकारकडे मागता येते, मोर्चाने, मताने, पत्राने. सदस्यत्वाची किल्ली पाच राजधान्यांत आहे. मुंबईतल्या, माद्रिदमधल्या किंवा डब्लिनमधल्या माणसाचा आवाज तिथे थेट पोचत नाही. मे २०२४ मध्ये स्पेन, आयर्लंड आणि नॉर्वेने एकाच दिवशी मान्यता दिली ती याच जोरावर. एकजूट दाखवणाऱ्यांनी मान्यतेवर भर दिला, कारण लोटून उघडता येईल असं तेच दार होतं.

पण मान्यता मिळाली म्हणून वेस्ट बँकेतल्या रामल्लाजवळच्या शेतकऱ्याचं काय बदलतं, हेही प्रामाणिकपणे पाहायला हवं. ऑक्टोबरमध्ये ऑलिव्हची तोडणी सुरू होते. झाडाखाली कापड अंथरायचं, फांद्या हाताने ओरबाडायच्या, घरातली सगळी माणसं कामाला. वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भाग ‘क्षेत्र सी’मध्ये येतो. तिथे सुरक्षा आणि बांधकामाची परवानगी दोन्ही इस्रायली लष्कराच्या हातात. त्या शेतकऱ्याच्या राष्ट्राला १५७ देशांची मान्यता आहे आणि स्वतःच्या बागेत जायला त्याला चौकीवर थांबावं लागतं. सदस्यत्व मिळालं तरी ती चौकी दुसऱ्या दिवशी उठणार नाही. भारताने १९९६ मध्ये गाझात प्रतिनिधी कार्यालय उघडलं आणि २००३ मध्ये ते रामल्लाला हलवलं. आपल्या त्या कार्यालयापर्यंत पोचायचं तरी इस्रायलच्या नियंत्रणातूनच जावं लागतं.

आणि सर्वांत तातडीची गोष्ट, युद्ध थांबवणं, ती तर या दोन्हींच्या बाहेर होती. ब्रिटनच्या मान्यतेच्या तीनच दिवस आधी, १८ सप्टेंबर २०२५ रोजी, गाझात तात्काळ युद्धविरामाची मागणी करणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला होता. चौदा बाजूने, एक विरोधात. अमेरिकेच्या नकाराधिकाराने तो पडला. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली होती, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली होती. त्यानंतर गाझात मेलेल्यांचा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार तोवर ६० हजारांच्या पुढे गेला होता. चौदा हात वर झाले त्या दिवशीही बॉम्ब पडत होते.

आपल्याबद्दलही बोललं पाहिजे. १९८८ मध्ये तीन दिवसांत मान्यता देणारा भारत १२ जून २०२५ रोजी आमसभेत गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावावर तटस्थ राहिला. १४९ देश बाजूने होते, १२ विरोधात आणि तटस्थ असलेल्या १९ मध्ये आपण. त्याच भारताने १२ सप्टेंबरला दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा पुरस्कार करणाऱ्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. दिलेली मान्यता सहसा परत घेतली जात नाही, पण तिच्यामागे उभं राहायचं की नाही हा निर्णय प्रत्येक मतदानाला नव्याने घ्यावा लागतो. जूनमधलं ते मत मला चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं.

सदस्यत्वाचा मूळ अर्ज २३ सप्टेंबर २०११ चा आहे. पॅलेस्टाईनचे राष्ट्राध्यक्ष महमूद अब्बास यांनी तो संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांच्या हाती दिला आणि नंतर आमसभेच्या व्यासपीठावरून त्याची प्रत उंच धरून दाखवली. दालन टाळ्यांनी भरून गेलं. सुरक्षा परिषदेच्या समितीत त्यावर एकमत झालं नाही. एप्रिल २०२४ मध्ये पॅलेस्टाईनने नवा अर्ज केलाच नाही, त्याच जुन्या अर्जाचा पुन्हा विचार करा असं पत्र दिलं. नकाराधिकारानंतर आमसभेनेही मे महिन्यात सुरक्षा परिषदेला तेच सुचवलं: हाच अर्ज अनुकूलतेने पुन्हा बघा.

मुलीने खोडलेल्या ओळीखाली नवी ओळ लिहिली. ‘पॅलेस्टाईन – निरीक्षक राष्ट्र, २०१२ पासून. मान्यता – १५७ देश. सदस्यत्व – अर्ज २०११, प्रलंबित.’ शेवटच्या शब्दाखाली तिने दोन रेघा ओढल्या आणि पुढे थोडी जागा मोकळी सोडली.