सिलिंडर, भाला आणि खोल पाण्याचा आसरा

जाळ्यात सापडेल ते सगळे वर ओढले जाते आणि गळाला कोणता मासा लागेल याचा भरवसा नसतो. भाल्याने मासे मारणारा पाणबुडा मात्र माशाची जात आणि आकार पाहून मगच भाला सोडतो. त्यामुळे ही सर्वांत कमी नासधूस करणारी मासेमारी मानली जाते आणि एका मर्यादेपर्यंत ते खरे आहे. परंतु निवड करता आली की माणूस बहुधा सर्वांत मोठा मासाच निवडतो, आणि अनेक जातींमध्ये मोठी मादी तिच्या वजनाच्या मानानेही जास्त अंडी घालते. म्हणूनच पाणबुड्याजवळ हवा किती आहे, या प्रश्नाला महत्त्व येते.

श्वास रोखून बुडी मारणाऱ्याला खाली जाणे, मासा शोधणे, नेम धरणे आणि वर येणे हे सारे एका श्वासात उरकावे लागते. सराव असलेली माणसे वीस-तीस मीटर खोल जातात, पण तिथे त्यांना फार वेळ थांबता येत नाही, आणि कपारीत शिरलेला मासा बहुतेक वेळा वाचतो. पाठीवर स्कूबाचे, म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्यासाठी हवा भरलेले, सिलिंडर असले की तोच माणूस त्याच खोलीवर कितीतरी मिनिटे राहून एकेक कपार तपासू शकतो. उथळ पाण्यातले मोठे मासे संपत आले तरी खोल पाण्यात उरलेले मासे वीण चालू ठेवतात. सिलिंडरमुळे नेमका हाच आसरा मोडतो.

पश्चिम पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर याचा अभ्यास झाला आहे. शेजारच्या उत्तर मारियाना बेटांवर २००३ पासून स्कूबा वापरून भाल्याने मासे मारण्यास बंदी होती, ग्वाममध्ये नव्हती. वीस वर्षांच्या मासेमारीच्या नोंदी तपासून आणि आमिष लावलेले कॅमेरे समुद्रतळावर ठेवून संशोधकांनी दोन्हींकडची तुलना केली व २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्वाममध्ये स्कूबाने मारलेल्या माशांत वजनाने सर्वाधिक वाटा हम्पहेड रास या संकटग्रस्त माशाचा होता. पॅरटफिशचा आकार काळाबरोबर घटत गेला होता. आणि बंदी असलेल्या बेटांभोवती खोल पाण्यातले पॅरटफिश अधिक मोठे आढळले. हे मासे प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातात, त्यामुळे त्यांची घट प्रवाळालाही भोवते. ग्वामने अखेर २०२० मध्ये बंदीचा कायदा केला. माझ्या मते तो फार उशिरा आला.

बंदीवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे: श्वास रोखून मासेमारी करणे जिवावर बेतू शकते. खोलवर पाण्याच्या दाबामुळे फुप्फुसातला उरलासुरला ऑक्सिजनही रक्तात जात राहतो. वर येताना दाब झपाट्याने उतरतो, मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ शुद्ध हरपू शकते. त्यावरचा उपाय मात्र प्रशिक्षण आणि पाण्यावर लक्ष ठेवणारा जोडीदार हा आहे. स्कूबाही निर्धोक नाही, कारण माशामागे घाईने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात.

सिलिंडर सर्वत्र निषिद्ध ठरवावे, असेही नाही. अटलांटिकमध्ये बाहेरून आलेला लायनफिश तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो, म्हणून कॅरिबियन आणि फ्लोरिडाच्या पाण्यात पाणबुड्यांनी स्कूबा वापरून तो भाल्याने मारावा, असे उत्तेजनच दिले जाते.

उलट, एका श्वासावर केलेली मासेमारी आपोआप निर्दोष ठरत नाही. पॅरटफिश रात्री प्रवाळाच्या आडोशाला निश्चल झोपतात, आणि विजेरी हाती असली की उथळ पाण्यात ते सहज मारता येतात. युरोपीय संघाच्या २००६ च्या भूमध्य समुद्रविषयक नियमाने भालाबंदुकीबरोबर श्वसनयंत्र वापरण्यास मनाई केली आणि त्याच कलमात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत भालाबंदूक वापरण्यासही मनाई केली. केवळ सिलिंडरवर थांबणाऱ्या कायद्यांपेक्षा हा नियम मला अधिक विचारपूर्वक केलेला वाटतो.