रुबीत आकडाही ऑब्जेक्ट का?

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्याची ऑब्जेक्टशी, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणाऱ्या घटकाशी, पहिली गाठ बहुधा सी++ किंवा जावा या प्रोग्रॅमिंग भाषांत पडते. तिथे व्हेरिएबलचा टाइप (त्यात आकडा असेल की मजकूर) आधी सांगावा लागतो, आणि ५ हा नुसता इंट, म्हणजे पूर्णांक. मग हिंजवडीत कुणी रुबी या भाषेतल्या प्रोजेक्टवर लागला की ‘५.टाइम्स’ (‘पाच वेळा कर’) अशी ओळ पाहून थबकतो. आकड्यालाच मेथड, म्हणजे स्वतःचे काम?

याचे मूळ रुबीपेक्षा बरेच जुने आहे. क्लास (ऑब्जेक्टचा साचा) आणि ऑब्जेक्ट या कल्पना नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत मांडल्या. त्या टोकाला नेल्या झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्राने. ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग यांनी १९७०च्या दशकात तिथे स्मॉलटॉक ही भाषा घडवली. तिच्यात आकडा, खरे-खोटे, खुद्द क्लाससुद्धा ऑब्जेक्ट. काम करून घ्यायचे तर ऑब्जेक्टला मेसेज धाडायचा. त्याला तो कळतो की नाही, हे प्रोग्रॅम चालू असतानाच ठरते. डायनॅमिक म्हणतात ते यालाच.

पण स्मॉलटॉक स्वतःच्याच वातावरणात राहणारी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर फायली चाळायच्या, मजकुराची कापाकापी करायची, तर लोक १९८७ साली आलेल्या पर्ल या भाषेकडे वळत. जपानमध्ये युकिहिरो मात्सुमोतो यांना दोन्ही एकत्र हवे होते. त्यांनी १९९३ मध्ये रुबी लिहायला घेतली आणि डिसेंबर १९९५ मध्ये ती लोकांसमोर ठेवली. ऑब्जेक्टचा हट्ट स्मॉलटॉकचा, सुटसुटीतपणा पर्लचा. मेथडला कोडचा तुकडा सोबत देण्याची सोय, म्हणजे ब्लॉक, हिच्यामागे सीएलयू भाषेतले इटरेटर (यादीतली एकेक गोष्ट हाती देणारी सोय) आहेत. क्लासला एकच पालक क्लास, बाकीचे गुण मॉड्यूलमधून (मेथडच्या गठ्ठ्यांतून), हेही तेव्हापासूनचेच.

सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणजे उघडे क्लास. भाषेतल्या मूळ इंटिजर क्लासमध्येही तुम्ही नवी मेथड घालू शकता. याच जोरावर डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांच्या रेल्सने (वेबसाइट बनवण्याच्या रुबीतल्या चौकटीने) २००४ मध्ये ‘२.डेज.अगो’ (‘दोन दिवसांपूर्वी’) सारखे जवळजवळ बोलल्यासारखे कोड शक्य केले. माझ्या मते रुबीचे खरे आकर्षण हेच, आणि खरी डोकेदुखीही हीच: कुठल्या लायब्ररीने (दुसऱ्याच्या आयत्या कोडने) काय बदलले, हे शोधण्यात दुपार जाते. रेल्समुळेच रुबीचे काम पुण्यात आले. २०१२ आणि २०१३ ची रुबीकॉन्फ इंडिया ही रुबीची परिषद इथेच भरली.

जाता जाता एक गंमत. रुबीत मेथडला ‘बेरीज’ असे देवनागरी नाव चालते, क्लासला मात्र नाही. क्लासचे नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावे लागते, आणि देवनागरीत ती भानगडच नाही.

डिसेंबर २०२० च्या रुबी ३.० ने टाइप लिहिण्याची सोय दिली, तीही वेगळ्या फाइलमध्ये. मूळ कोडमध्ये टाइप लिहायला मात्सुमोतो राजी नाहीत.